वारली लोगो: आधी स्टुडिओकडून, मग डहाणूच्या चित्रकाराकडून (दोघांचा एकत्र रिव्ह्यू)

आधीच सांगून ठेवते, हा रिव्ह्यू लांबलाय, चहा घेऊन बसा. दोन वेगवेगळ्या लोकांकडून एकच काम करून घेतलं, पहिल्याला अर्धे पैसे देऊन सोडलं आणि दुसऱ्याकडून पूर्ण केलं. पहिल्या स्टुडिओचं नाव लिहीत नाहीये, कारण माणसं वागायला वाईट नव्हती, त्यांना काम कळलं नाही एवढंच. चित्रकार दादांचं नावही टाकत नाही, त्यांना विचारलं तर म्हणाले नको, मग उगाच फोन येत बसतात आणि इथे रेंज नसते.

तर आमचं प्रकरण असं. सासरची शेती पालघर जिल्ह्यातल्या वाडा गावाजवळ, भात कोलमचं, ज्याला आमच्याकडे जुनी माणसं झिनी म्हणतात. इतकी वर्षं पीक आलं की व्यापारी यायचा आणि गोणी भरून घेऊन जायचा. गेल्या वर्षी मी आणि माझ्या जाऊबाईंनी ठरवलं की थोडा तांदूळ आपणच पाऊचमध्ये भरून विकायचा, १ किलो आणि ५ किलो, ठाणे डोंबिवलीच्या सोसायट्यांमध्ये ओळखीपाळखीने जाईल तेवढा. पाऊच आला म्हणजे लोगो आला. आणि लोगो वारलीच हवा हे आमच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून होतं, कारण तालुका आमचा तो, लावणीला कापणीला येणारी माणसं वारली, आणि ही चित्रं मुळात काढतात कशाने तर तांदळाच्या पिठाने. तांदूळ वाटून पाण्यात कालवायचा आणि गेरू सारवलेल्या कुडावर बांबूच्या काडीने काढायचं. आता तांदूळ विकणाऱ्याला याहून जवळचं चित्र दुसरं कुठलं सापडणार, तुम्हीच सांगा.

स्टुडिओ ऑनलाईन शोधला. पॅकेज १४,००० चं, तीन ऑप्शन, दोन वेळा बदल, निम्मे पैसे आधी. प्रेझेंटेशन एकदम झकास, लोगो कापडी पिशवीवर, लोगो कपावर, लोगो काचेच्या दारावर. आमच्याकडे काचेचं दार नाही, पत्र्याची शेड आहे, पण बघायला बरं वाटलं. पहिल्याच मेलमध्ये त्यांनी सगळीकडे 'वरळी आर्ट' लिहिलं होतं. मी कळवलं की वारली, वरळी नाही, वरळीला सी लिंक आहे. सॉरी मॅम ऑटोकरेक्ट, असं उत्तर आलं. ठीक आहे, होतं कधी कधी. पुढच्या मेलमध्ये परत वरळी.

आठ दिवसांनी तीन ऑप्शन आले. मी फोनवर बघितले आणि खरं सांगते, मला आवडले! म्हणजे हा रिव्ह्यू मी तेव्हाच लिहिला असता तर चार स्टार देऊन मोकळी झाले असते. पहिल्यात गोलाकार नाचणारी माणसं आणि मधोमध आमचं नाव. दुसऱ्यात दोन बायका उखळात कांडतायत. तिसऱ्यात नक्षीची चौकट, आत नाव. तिन्ही स्वच्छ, तिन्ही वारली दिसणारे.

मार्चचा महिना होता, शेतावर राब भाजायचं काम चाललं होतं. आमच्याकडे एक आजी येतात कामाला, सासूबाईंच्या वेळेपासूनच्या, वारली समाजाच्या. दुपारी सगळे सावलीला बसले होते तेव्हा मी सहज फोन त्यांच्यापुढे धरला, बघा आजी, पिशवीवर हे येणार. आजींनी फोन लांब धरून पहिलं चित्र बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मला विचारलं, "तारपेवाला कुठं गेला? ही सगळी कोणाभवती नाचतात?"

मी बघतच राहिले. खरंच की. तारपा नाचात तारपा वाजवणारा मधे असतो, हातात हात गुंफलेली माणसं त्याच्याभोवती फिरतात, तो जिकडे वळेल तिकडे रांग वळते आणि त्याच्याकडे पाठ करायची नाही असा रिवाज आहे. तारपा म्हणजे सुकवलेला भोपळा आणि बांबू यांचं ते लांब वाद्य, तुम्ही चित्रांत बघितलं असेल, पुंगीसारखं पण मोठ्ठं. आणि रांग म्हणजे घट्ट मिटलेलं कडं नसतं, एक टोक मोकळं असतं, शंखासारखं वळत जाणारं. स्टुडिओने तारपेवाल्याला काढून टाकून त्याच्या जागी आमच्या तांदळाचं नाव बसवलं होतं आणि कडं बांगडीसारखं बंद करून टाकलं होतं. वर निम्म्या लोकांची तोंडं बाहेर.

दुसरं चित्र बघून आजी हसल्या. दोन्ही बायकांची मुसळं एकाच वेळी वर. म्हणजे एक बाई काढली आणि कॉम्प्युटरवर आरशासारखी उलटी करून समोर ठेवली. एक उखळ आणि दोन मुसळं असली तर एकीचं वर जातं तेव्हा दुसरीचं खाली येतं, नाहीतर दोन्ही एकदम येऊन आपटतील आणि कोणाची तरी बोटं जातील. हे मला दिसलं नव्हतं. मी काय कधी दोघींनी कांडलंय का, मिक्सरवाली पिढी आपली.

तिसऱ्या चित्रावर आजी काही बोलल्या नाहीत. फोन परत माझ्या हातात दिला आणि पाणी प्यायला उठल्या.

ते का, हे मला नंतर कळलं. ती नक्षीची चौकट म्हणजे लग्नाचा चौक होता. वारली लग्नात घरातल्या भिंतीवर सवाष्णी चौक लिहितात, त्यात आत पालघट देवी असते, आणि चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. स्टुडिओने नेटवरून चौक उचलला, आतली देवी पुसली आणि तिथे '१ किलो' लिहायला जागा केली. आपल्याकडे कोणी देव्हाऱ्यातला देव बाजूला ठेवून तिथे साबणाची वडी मांडली तर कसं वाटेल, तसं काहीतरी.

मी स्टुडिओला हे सगळं नीट लिहून पाठवलं. उत्तर आलं की मॅम कस्टमरला इतकं डिटेल कळत नाही, ओव्हरऑल वारली फील आला की झालं. मी विचारलं की तुम्ही ही माणसं काढली कुठून, तर म्हणे वारलीचा फाँट मिळतो, अमुक बटण दाबलं की नाचणारा माणूस, तमुक बटण दाबलं की झाड, शिवाय स्टॉकच्या फाईली असतात. म्हणजे उद्या पुण्यातल्या एखाद्या कॅफेच्या मेनूकार्डवर आमच्याच बाया कांडत बसलेल्या दिसल्या असत्या. दोन बदल बाकी होते पण मी तिथेच थांबवलं. ७,००० गेले. परत मागितले नाहीत कारण अटीत लिहिलेलंच होतं, मीच वाचलं नव्हतं.

आता रागाचं खरं कारण सांगते. वाडा कोलमला २०२१ मध्ये जीआय मिळालं, म्हणजे हे नाव त्या भागातल्याच मालाचं असं सरकारी मानांकन. त्याच्या आधी आणि नंतरही बाहेरचा कसलाही बारीक तांदूळ 'वाडा कोलम' म्हणून बाजारात विकला जातो, आणि त्यावरून आमच्या घरात दर दिवाळीला जेवणाच्या पानावर भांडणं होतात, सासरे तर टीव्हीतल्या बातमीदारालाही शिव्या घालतात. नाव आमचं, माल दुसऱ्याचा. आणि इकडे मी काय करत होते? वारली पेंटिंगलाही जीआय आहे, आणि मी डहाणू कधी न पाहिलेल्या माणसाकडून फाँटमधली वारली पिशवीवर छापायला निघाले होते. जाऊबाईंना हे बोलून दाखवलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "मग आपणपण व्यापारीच की गं." झालं, त्या रात्री झोप नाही.

दुसरा माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. आजींच्या भाच्याची सासुरवाडी डहाणू तालुक्यात, तिकडचे एक चित्रकार त्यांच्या नात्यातले. मे महिन्यात एका रविवारी आम्ही दोघी विक्रमगडमार्गे निघालो, कासा ओलांडून पुढे, शेवटचे दोन किलोमीटर विचारत विचारत. ऊन असं की गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येईना.

घराच्या पडवीत जमिनीवर कापड पसरून काम चाललं होतं. गेरूने रंगवलेलं कापड, त्यावर पांढरा पोस्टर कलर. तांदळाचं पीठ आता भिंतीपुरतंच, कापडावर ते सुकलं की पापुद्रे निघतात म्हणाले. बारीक कामाला मात्र अजून बांबूची काडीच, टोक चावून चावून कुंच्यासारखं केलेलं. मी सोबत भारीपैकी ब्रश सेट नेला होता भेट म्हणून, तो त्यांनी मुलीला देऊन टाकला.

दादा काम करताना बोलतात, आणि त्यांचं बोलणं ऐकण्यासाठी तरी जावं असं मी म्हणेन. मी म्हटलं चौक काढतात ना लग्नात, तर म्हणाले काढत नाहीत, लिहितात. आणि ते पुरुष असल्यामुळे ते स्वतः लग्नाचा चौक लिहीत नाहीत, ते सवाष्णींचं काम. मग पुरुष चित्रकार आले कुठून, असं जाऊबाईंनी विचारलं, त्या अशा सरळच विचारतात. त्यावरून गंजाडच्या जिव्या सोमा म्हसेंचा विषय निघाला. पूर्वी ही चित्रं बहुतेक लग्नासारख्या कार्यापुरती आणि बायकांच्या हातची. म्हसे रोज काढायला लागले, १९७० च्या दशकात ती कागदावर आणि बाहेरच्या जगात आली, त्यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्यामुळे आमच्यासारख्यांच्या हातात काडी आली, असं दादा म्हणाले आणि परत खाली बघून काम करायला लागले.

माणूस कसा काढतात ते पण जवळून बघितलं. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, वरचा छातीचा आणि खालचा कमरेचा. हे आपल्याला शाळेतच शिकवलेलं असतं आणि आपण सगळे तो ठोकळ्यासारखा सरळ काढतो. दादा आधी पाठीची एक तिरकी रेघ मारतात, अगदी हलकी, माणूस कुठे झुकलाय ती. मग त्या रेघेवर दोन त्रिकोण बसवतात. त्यामुळे त्यांचा माणूस पळतोय की वाकलाय की ओझं उचलतोय हे हातपाय काढायच्या आधीच कळतं. बाईचा अंबाडा म्हणजे डोक्यामागे एक टिंब. ते टिंब पण मान कुठे वळलीय त्याप्रमाणे सरकतं. फाँटमधल्या बाईचा अंबाडा कायम एकाच जागी असतो हे मला तेव्हा समजलं.

लोगोचं सांगितल्यावर मी म्हटलं की उखळ मुसळवाल्या दोघी काढा, पण बरोबर काढा. दादांनी विचारलं तांदूळ कांडून विकता का? नाही, गिरणीत जातो. मग कांडणाऱ्या कशाला दाखवता, म्हणाले. आता यावर काय बोलणार. एवढ्या खटपटीने निघालेल्या बायका, आणि आमच्या धंद्यात त्या खोट्याच होत्या की. गिरणी काढायची का मग, असं मी गमतीत म्हटलं, तर ते मनापासून विचार करायला लागले, गिरणीचा पट्टा कसा दाखवता येईल वगैरे. शेवटी लावणीवर ठरलं. लावणी आमच्याकडे हातानेच होते, ते खरं आहे.

पैसे ८,००० ठरले. मी घासाघीस केली नाही हे मुद्दाम लिहितेय, कारण गाडीत बसल्यावर मीच जाऊबाईंना म्हटलं होतं की ५,००० मध्ये होईल बहुतेक, आणि मग मला १४,००० चं पॅकेज निमूट कबूल केल्याचं आठवलं.

जूनच्या सुरुवातीला पहिलं चित्र आलं आणि आम्ही दोघी डोक्याला हात लावून बसलो. सुंदर होतं, प्रश्नच नाही. पण लोगो नव्हता, अख्खा गाव होता. लावणी करणाऱ्या चौदा बायका, औत, चिखल करणारे बैल, बांधावर भाकरी घेऊन येणारी मुलगी, खेकडे पकडणारी पोरं, झाडावर माकड, वर डोंगर. माझ्या सासऱ्यांनी ते फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलंय. पण ते १ किलोच्या पाऊचवर छापलं तर मुंग्या चढल्यासारखं दिसलं असतं.

इथे चूक माझी. मी त्यांना लोगो म्हणजे काय ते सांगितलंच नव्हतं, किती इंचाचा छापणार, कुठे कुठे जाणार, काहीच नाही. ज्यांना कोणाला हे काम करायचंय त्यांनी जाताना एक रुपयाचं नाणं आणि एक रिकामा पाऊच घेऊन जा. दुसऱ्या खेपेला मी तेच केलं. नाणं ठेवलं आणि म्हटलं दादा, कधी कधी एवढ्यात मावायला हवं. ते नाणं त्यांनी उलटसुलट करून बघितलं, म्हणाले एवढ्यात तिघी मावतील. चौथी नाही.

आणि मग तिघी आल्या. दोन वाकलेल्या, हात चिखलात. तिसरी कमरेवर हात ठेवून सरळ उभी. मी विचारलं ही का उभी, तर म्हणाले लावणीत कोणीतरी एक कायम उभी असतेच, कंबर धरते ना. जाऊबाई इतक्या हसल्या, कारण आमच्यात ती उभी म्हणजे मी. गंमत म्हणजे लोगो म्हणून तीच गोष्ट कामाला आली. तिघी वाकलेल्या असत्या तर लांबून तीन कमानी दिसल्या असत्या, पुलासारख्या. दोन कमानी आणि एक सरळ उभी रेघ, ही आकृती फळीवर दहा फुटांवरून ओळखू येते.

आता कागदावरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घालायचं काम, ते दादा करत नाहीत. वाड्यातल्या डीटीपीवाल्या पोराला धरलं, लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणारा, २,००० घेतले आणि पैसा वसूल काम केलं. आधी त्याने ऑटो ट्रेस मारला, म्हणजे कॉम्प्युटरच आपोआप रेघा गिरवतो ते. त्याने काय होतं की काडीने मारलेल्या रेघेला जी थोडी जाडबारीक लय असते ती जाऊन कडा वितळलेल्या मेणासारख्या होतात आणि बोटांना गाठी येतात. मग बिचारा पेन टूलने एकेक रेघ हाताने फिरवत बसला, दोन रात्री. आणि एकदा सवयीने त्याने पहिलीची कॉपी मारून दुसरी केली, म्हटलं वेळ वाचेल! मी काही म्हणायच्या आधीच त्याच्या लक्षात आलं की दोघींचे डावे पाय एकाच जागी रुतलेत, कवायत चालल्यासारखे. परत काढली.

छपाईत मात्र बरीच मजा झाली, मजा म्हणजे आता वाटते, तेव्हा रडू येत होतं. आम्हाला पारदर्शक पाऊच हवा होता, तांदूळ दिसला पाहिजे म्हणून. वारली पांढरी. तांदूळ पांढरा. पहिलं सॅम्पल भरून बघितलं तर बायका गायब, नुसता अंबाड्यांचा भास. मग खाली गेरू रंगाचा पट्टा घेतला आणि पट्ट्याच्या वर खिडकी ठेवली. गेरू रंग पण प्रत्येक छपाईत वेगळा येतो, पाऊचवर विटकरी, व्हिजिटिंग कार्डवर चॉकलेटी, तर एकदा चक्क भगवा. रंगाचा पक्का नंबर ठरवून तो सगळीकडे लिहून द्या, स्क्रीनवर बघून हो म्हणू नका.

व्हॉट्सॲपच्या डीपीला गोल असतो, त्यात उभ्या बाईचं डोकं कापलं जात होतं, म्हणून तिघींना थोडं जवळ सरकवून वेगळी फाईल केली. सरकवण्याआधी दादांना फोटो पाठवून विचारलं. म्हणाले सरकवा, पण हात पाण्यात राहू द्या. रबरी शिक्क्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. शिक्क्यात गेरूच्या जागी शाई येते, एवढी मोठी भरीव जागा की शाई पसरून रेघा बुजतात. उलटं करून नुसत्या बायका शाईने छापल्या तर हात इतके बारीक की दोन दिवसांत रबर झिजून बाया लुळ्या पडल्या. सध्या शिक्क्यावर नुसतं नाव आहे.

फाईल घेताना सीडीआर (कोरलड्रॉची फाईल) आणि पीडीएफ दोन्ही मागा, अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकृत्या करून. आमच्याकडच्या निम्म्या प्रिंटरवाल्यांना सीडीआरच लागते, आणि फाँट नसला तर तुमच्या नावाचं काहीच्या काही होऊन छापून येतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. दादांबरोबर आम्ही मराठीत एक पानी करार केला, की ही तिघींची आकृती लोगो म्हणून आम्हीच वापरणार आणि त्याचे हक्क आमच्याकडे, पण लावणीचं चित्र ते हवं तेव्हा, हव्या त्या गिऱ्हाईकाला काढू शकतात. लावणी काय माझ्या मालकीची आहे का. हा कागद करताना मला उगाच संकोच वाटत होता, दादांना अजिबात नाही, त्यांनी दोनदा वाचून एक शब्द बदलायला लावला. ट्रेडमार्कसाठी अर्ज केलाय, त्यात मालाचे क्लास म्हणजे वर्ग असतात, तांदूळ क्लास ३० मध्ये येतो, छोट्या उद्योगाला ऑनलाईन फी एका क्लासला ४,५००, एजंटचे वेगळे. एजंटने सांगितलं की ब्रँडच्या नावात 'वारली' शब्द टाकू नका. तो आम्ही टाकणारच होतो, 'अस्सल वारली' अशी टॅगलाईनसुद्धा जाऊबाईंनी वहीत लिहून ठेवली होती. काढली. पाऊचच्या मागे बारीक अक्षरात एक ओळ आहे, चित्र डहाणू तालुक्यातल्या वारली चित्रकाराने काढलेलं आहे अशी. नाव टाकायला ते नाही म्हणाले, पण मी परत विचारणार आहे.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक केलं तर म्हणाल नात्यातले आहेत. एक, वेळ. मे मध्ये सुरू केलेलं काम गणपती झाल्यावर हातात आलं. जुलै पूर्ण शांत, ना फोन ना मेसेज. मी एवढी वैतागले की भाच्याला पाठवायला निघाले होते. दोन, जीएसटी बिल वगैरे काही नाही, साध्या कागदावर पावती, आमचा अकाउंटंट अजून कुरकुरतो. तीन, बदल सांगितले की ते लगेच नाही म्हणत नाहीत, हो म्हणतात आणि करत नाहीत. मी दोनदा म्हटलं की मागे छोटा सूर्य घाला, दोन्ही वेळा हो म्हणाले, सूर्य काही आला नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाले, लावणीला सूर्य कुठून दिसणार, पाऊस असतो. मग आधीच सांगायचं ना!

आजींना तयार पाऊच दाखवला तो दिवाळीनंतर, नवीन तांदूळ भरायला घेतला तेव्हा. काय म्हणाल्या? काही नाही विशेष. तिघी बघितल्या, मग बोटाने उभीच्या पायाशी दाखवलं की हिच्या हातात रोपांची जुडी पाहिजे होती, रिकाम्या हाताने कोण उभी राहते. आता पाच हजार पाऊच छापून झालेत. पुढच्या खेपेला बघू.

स्टार द्यायचेच तर स्टुडिओला २, त्यातला एक वेळेवर काम दिल्याबद्दल. डीटीपीवाल्या पोराला ५. दादांना ४, एक त्या जुलैचा कापला. कोणाला नंबर हवा असेल तर मेसेज करा, त्यांना विचारून देईन. मात्र पावसाळ्यात काम काढू नका, जूनच्या शेवटापासून फोन उचलत नाहीत, स्वतःच्या लावणीवर असतात.